एकावर एक फुकट

"आई, कोथिंबीर मी मुद्दाम टाकली होती. परत नको पाठवूस."

माझ्या मुलीचा, केतकीचा फोन बेंगळुरूहून होता; ती आणि जावई निनाद तिकडेच असतात. मी इकडे नाशिकला आमच्या हॉलच्या फरशीवर बसून कागदी पिशव्या रिकाम्या करत होते. सामान तिनं तिथून मोबाइलवर मागवलं होतं आणि इथे माझ्या दारात आलं होतं. घरपोच किराण्याची ही ॲप तेव्हा आमच्याकडे नवीनच सुरू झाली होती.

"कोथिंबिरीचं सोड," मी म्हटलं. "पाच किलो आटा कशाला? मी रोज तीन पोळ्या करते. हा संपेपर्यंत त्यात अळ्या होतील."

"पाच किलोवर सूट होती."

"आणि तीन साबण?"

"ते टाकले तेव्हा कुठे पाचशेच्या वर गेलं. पाचशेच्या वर डिलिव्हरी फुकट असते. नाहीतर चाळीस रुपये लावतात."

"म्हणजे चाळीस वाचवायला तू दीडशेचे साबण घेतलेस."

"साबण काय नासतात का? लागतीलच कधीतरी. आणि तू बाजारात जाऊन काय वाचवतेस? रिक्षालाच शंभर रुपये घालवतेस."

बोलणं पैशांचं चाललं होतं, पण तिच्या मनात पैसे नव्हते. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून केली. समोरचा काय म्हणतोय यापेक्षा कसा म्हणतोय, ते मला आधी ऐकू येतं. केतकी घाबरलेली होती. आदल्या पावसाळ्यात लिफ्ट बंद असताना भाजीच्या दोन पिशव्या घेऊन मी जिना चढत होते, पाय घसरला आणि मनगट मोडलं. तिचे बाबा जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. शेजारच्या शिरसाठबाईंनी मला दवाखान्यात नेलं आणि केतकीला ते दुसऱ्या दिवशी कळलं, कारण मीच त्यांना कळवू नका म्हटलं होतं. तेव्हापासून तिनं माझा किराणा आपल्या हातात घेतला. आणि तेव्हापासूनच तिचं सुरू झालं, की घर भाड्यानं दे आणि बेंगळुरूला ये.

त्या दिवशीही गाडी तिथेच आली.

"दिवाळीला मी येतेच आहे," ती म्हणाली. "तेव्हा काय ते ठरवून टाकू."

"काय ठरवायचंय?"

"आई, तुला एकटीला जमत नाहीये."

मला राग आला. एरवी मी लेकीवर रागावत नाही, पण 'जमत नाहीये' हे ऐकून आला.

"असं कर," मी म्हटलं, "हा महिना तू काही मागवू नकोस. माझं मी आणते. महिना संपला की तुझं मागच्या महिन्याचं बिल आणि माझा खर्च शेजारी शेजारी ठेवू. माझा कमी आला तर बेंगळुरूचा विषय कायमचा बंद."

"आणि जास्त आला तर?"

"तर दिवाळीनंतर बॅग भरते."

ती म्हणाली, "रिक्षाचे पैसे धरायचे."

"धरायचे."

"आणि जड पिशवी उचलायची नाही."

"नाही उचलत."

फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की मी माझं घर पणाला लावलं होतं.

पहिला आठवडा माझा चांगला गेला नाही. आकाशवाणी टॉवरजवळच्या बाजारात भाजी ताजी मिळायची आणि ॲपपेक्षा स्वस्तही, पण तिथे वाटा असायचा. वांग्यांचा वाटा, टोमॅटोचा वाटा. मला एकटीला चार वांगी पुरेत, भाजीवाली म्हणायची, "चार वांग्यांचे काय पैसे सांगू मावशी, घेऊन टाका सगळी." घेऊन टाकली की उरलेली फ्रीजमध्ये सुकायची. रविवार कारंजावरच्या किराण्याच्या दुकानात डाळ खरोखर स्वस्त होती, पण तिथे जायला-यायला रिक्षा. पाव किलो तूरडाळीसाठी रिक्षा केली तर ती डाळ बदामाच्या भावात पडते. आणि जास्त घ्यावी तर पिशवी जड. कुठूनही सुरुवात केली तरी मी त्याच जागी येऊन उभी राहत होते.

मग मी कॉलेज रोडच्या बाजूला नवीन झालेल्या एका मोठ्या दुकानात गेले. एसी चालू, ढकलायला गाडी, सगळं रॅकवर मांडलेलं. मी एका हातात मोबाइल धरून ॲपवरचा भाव बघत होते आणि दुसऱ्या हातानं पाकीट उलटं करून त्यावरचा. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"मॅडम, हे एकावर एक फुकट लिहिलंय. म्हणजे दोन घ्यावेच लागतात का?"

पोह्यांचं किलोचं पाकीट हातात धरून एक गृहस्थ उभे होते. चष्मा कपाळावर चढवलेला, अंगात इस्त्रीचा बुशशर्ट. चेहरा ओळखीचा वाटला. आमच्याच सोसायटीतले, बी विंगमधले बोरस्ते. सकाळी फिरायला जाताना दिसायचे, मान हलवायचे, एवढीच ओळख.

"एक घेतलं तरी पैसे तेवढेच," मी म्हटलं.

"मग दुसऱ्याचं मी काय करू? मी एकटा माणूस. एक किलोच मला दोन महिने पुरतील."

"दुसरं मला द्या. मी अर्धे पैसे देते."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही ए विंगच्या ना? देवरे मॅडम?"

"हो."

"माझ्या डोक्यात हे आलंच नाही," ते म्हणाले. त्यांचा स्वर असा होता, की जणू दोन वर्षं अडलेलं काहीतरी सुटलं होतं.

आम्ही एकाच रिक्षानं परत आलो. रिक्षाचे पैसेही अर्धे झाले. वाटेत कळलं की ते नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते, मशीनवर. "आयुष्यभर नोटा छापल्या," ते म्हणाले, "आणि घरी आल्यावर बायको विचारायची, पिशवीभर सामानाचे एवढे पैसे कसे झाले?" बायको, विमलताई, गेल्या होत्या. मुलगा कॅनडात. त्यानं वडिलांच्या मोबाइलवर दोन-तीन ॲप घालून दिली होती आणि बोरस्ते त्यात चांगले तरबेज झाले होते. कुठल्या दिवशी तेलावर सूट असते, कशाचा भाव आज वाढलाय, सगळं त्यांना माहीत असायचं. भाजी मात्र त्यांना घेता येत नव्हती. "वांगं बाहेरून चांगलं दिसतं हो," ते म्हणाले. "आत काय असेल ते मला कसं कळणार?"

मी त्यांना केतकीशी लागलेली पैज सांगितली. का सांगितली कोण जाणे. अनोळखी माणसाशी रिक्षात बोलणं सोपं असतं.

"म्हणजे हरलात तर जाणार?" त्यांनी विचारलं.

"शब्द दिलाय."

फाटकापाशी उतरताना ते म्हणाले, "मग असं करूया का? जड सामान मी मोबाइलवरून मागवतो, तुमचं-माझं एकत्र. पाचशेच्या वर सहज जाईल, उगाच भरतीला काही घ्यायला नको. दाराशी येईल, तुम्हाला उचलावं लागणार नाही. भाजी आणि डाळी तुम्ही बघायच्या. पिशवी मी धरीन."

"आणि अर्धं अर्धं."

"अर्धं अर्धं."

तसं सुरू झालं. पहिल्यांदा आटा आला तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, आणि पार्किंगमधल्या बाकावर आम्ही पाच किलोचे दोन भाग केले. दोघंही इतके मन लावून करत होतो की शिरसाठबाई वरून बघतायत हे कळलंच नाही.

"ताई, दुकान काढलंत की काय?" त्यांनी गॅलरीतून विचारलं.

"काढायचा विचार आहे," मी म्हटलं. "तुमची उधारी चालणार नाही पण."

त्या हसल्या. पण पुढच्या वेळेपासून आम्ही आटा माझ्या ओट्यावर वाटायला लागलो.

बुधवारी आम्ही गोदाकाठच्या बाजारात जायचो. मी पुढे, ते पिशवी घेऊन मागे. आता वाटा घ्यायला भीती नव्हती. वांग्याचा देठ कसा बघायचा, भेंडीचं टोक कसं मोडायचं, मी सांगायचे आणि ते लक्ष देऊन ऐकायचे. पुढच्या खेपेला स्वतः निवडायला जायचे आणि हमखास जून भेंडी उचलायचे.

"ही मोडतेय की," ते म्हणायचे.

"मोडत नाहीये, तुम्ही तोडताय. ठेवा ती."

ते ठेवायचे. भेंडीवालीला या सगळ्याची मोठी करमणूक होती.

अडचण आली ती फ्लॉवरची. फ्लॉवरचा गड्डा अर्धा कापला की दोन दिवसांत काळा पडतो. एकदा त्यांच्याकडचा अर्धा तसा वाया गेला.

"अर्धे पैसे फुकट गेले," ते म्हणाले. खरोखर हळहळले होते.

"मग पुढच्या वेळी शिजवून अर्धा करू," मी म्हटलं. "मी भाजी करते, तुम्ही डबा घेऊन या."

ते डबा घेऊन आले. मी भाजी भरून दिली. दुसऱ्या दिवशी डबा परत करताना ते त्यात पिठलं घेऊन आले, त्यांनी केलेलं. गाठी झाल्या होत्या, पण चव चांगली होती. असं आठवडाभर डबे वर-खाली गेले. मग एक दिवस ते म्हणाले, "ह्या डब्यांना साबण किती लागतो, बघितलंत का?"

मी म्हटलं, "खरं आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारचं जेवण माझ्याकडेच जेवायला लागले. साबण वाचवायला. आम्ही दोघांनीही हे कारण अगदी मनापासून मान्य केलं होतं.

केतकीला यातलं मी काही सांगितलं नाही. रोज रात्री फोनवर बोलायचो. तिला मी वांग्यांचे भाव सांगायचे, तेलाचे सांगायचे. बोरस्त्यांचं नाव ओठापर्यंत यायचं आणि मी दुसरंच काहीतरी बोलायचे. लपवायचं काही नव्हतं. तरी नाही सांगितलं.

महिना संपला. मी माझ्या वाटणीचा खर्च तिला फोनवर सांगितला. भाजी, किराणा, दूध, रिक्षा, सगळं धरून. तिच्या बिलाच्या निम्म्याहून थोडा जास्त झाला होता. मला वाटलं ती हसेल, हरले म्हणेल.

ती म्हणाली, "एवढाच?"

"एवढाच."

"रिक्षा धरून?"

"धरून."

"आई, तू दोन्ही वेळा जेवतेयस ना?"

"म्हणजे काय?"

"काही नाही. ठेवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या आवाजात जिंकण्या-हरण्याचं काही नव्हतं. मला ते ऐकू आलं होतं, पण मी जिंकण्याच्या आनंदात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. वाऱ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. बोरस्ते कैरीच्या लोणच्याची बरणी उघडत होते, झाकण घट्ट बसलं होतं. दारात बॅग ठेवल्याचा आवाज झाला. बघते तर केतकी. पहाटेचं विमान पकडून मुंबईला उतरली होती आणि तिथून टॅक्सीनं थेट आली होती. दिवाळीला अजून अवकाश होता.

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग ताटांकडे, मग बरणी धरून बसलेल्या बोरस्त्यांकडे.

"ही केतकी," मी म्हटलं. "हे बोरस्ते साहेब. बी विंगला असतात."

"नमस्कार," केतकी म्हणाली.

"नमस्कार," ते म्हणाले आणि बरणी खाली ठेवून उठले. ताटात अर्धी पोळी होती. "तुम्ही प्रवासातून आलाय. बसा, बोला. मी निघतो."

"अहो बोरस्ते साहेब, जेवण तरी पुरं करा."

"झालं माझं," ते म्हणाले. हात धुतला, चपला घातल्या आणि गेले.

केतकी सोफ्यावर बसली. मी तिला पाणी दिलं. ते तिनं हातात धरून ठेवलं.

"तू माझ्याशी खोटं बोललीस," ती म्हणाली.

"खोटं कुठे? खर्च तेवढाच झालाय. निम्मा त्यांचा, निम्मा माझा."

"खर्चाचं कोण बोलतंय? मला वाटलं, तू पैज जिंकायला उपाशी राहतेयस. नाशिक सोडायला नको म्हणून एकवेळ जेवतेयस. निनादला म्हटलं, मी आत्ता जाते. विमानात सगळा वेळ रडत होते मी. आणि तू इथे..." तिनं ताटांकडे हात केला. "लोणचं खातेयस."

तिला हसू आलं आणि रडूही. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"मग सांगितलं का नाहीस?" तिनं विचारलं.

"सांगण्यासारखं काय होतं? आटा अर्धा करतो, भाजी अर्धी करतो."

"एवढंच होतं तर सहज सांगितलं असतंस."

मी उठून ताटं उचलायला लागले.

दुसऱ्या दिवशी बोरस्ते जेवायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला तर म्हणाले, "लेक आलीय, तिच्याबरोबर राहा. मी काय, इथेच आहे." आवाज अगदी साधा, व्यवस्थित होता. कुणीतरी फार काळजीपूर्वक साधा ठेवला की होतो तसा. बुधवार आला आणि गेला. केतकी मला टॅक्सीनं मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथे मी फ्लॉवरसमोर उभी राहिले आणि न घेताच पुढे गेले.

गुरुवारी सकाळी दाराची बेल वाजली. ॲपवाल्या माणसानं हातात एक पिशवी दिली. लहानशी. आत आटा एक किलो, तेलाची एक पिशवी, चहाची पूड, कपड्यांच्या साबणाची वडी. माझ्या वाटणीचं सामान. पैसे भरलेले होते.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढीच ऑर्डर आहे मॅडम."

"आणि बी विंगची?"

"ती वेगळी आहे. आत्ता तिकडेच जातोय."

तो लिफ्टकडे गेला आणि मी पिशवी घेऊन दारातच उभी राहिले. केतकी मागून आली.

"काय झालं?"

"काही नाही. सामान आलंय."

"मी तर काही मागवलं नाही."

"तू नाही. त्यांनी."

तिनं पिशवीत डोकावून पाहिलं. "एवढ्याशा सामानाला डिलिव्हरी लागली असणार," ती म्हणाली. "पाचशेच्या खाली आहे हे."

मला तेच दिसत होतं. हा माणूस फ्लॉवरचा काळा पडलेला तुकडा टाकताना दुःखी व्हायचा. गल्लीच्या टोकापर्यंत रिक्षा केली तर मीटर बघत बसायचा. त्यानं माझं सामान वेगळं मागवलं, स्वतःचं वेगळं मागवलं, दोनदा डिलिव्हरी भरली. मला माझं मिळावं, पण वाटायच्या निमित्तानं त्याला माझ्या दारात यावं लागू नये, एवढ्यासाठी.

मी पिशवी तशीच उचलली.

"कुठे निघालीस?" केतकीनं विचारलं.

"बी विंगला. वरण गॅसवर आहे, बघ."

"आई, पिशवी जड..."

"जड नाहीये. तेच तर झालंय."

त्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्याही हातात तशीच पिशवी होती, नुकतीच आलेली. आम्ही दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना एकेक पिशवी धरून उभे.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"का? काही कमी आलं का?"

"दोनदा चाळीस रुपये भरलेत."

"हो."

"घरी छापता का हल्ली?"

ते हसले नाहीत. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या मुलीच्या डोळ्यांत तुम्हाला कमीपणा यायला नको, म्हणून म्हटलं. ती घाबरली होती त्या दिवशी. मी बघितलं ना. माझ्यासारखा कुणी परका माणूस आईच्या घरात ताट मांडून बसलाय म्हटल्यावर..."

"ती तुम्हाला घाबरली नव्हती. मी उपाशी असेन म्हणून घाबरली होती."

"उपाशी? का?"

"खर्च फार कमी आला म्हणून."

त्यांना ते समजायला एक क्षण लागला. मग ते खुर्चीवर बसले आणि हसू लागले. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"चला," मी म्हटलं. "वरण-भात आहे. फ्लॉवर नाही."

"मुलगी काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते तुमच्यासमोरच म्हणेल. उगाच मागून नको."

ते आले. केतकीनं तोवर तीन ताटं घेतली होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिची तिनंच घेतली होती. जेवताना तिनं त्यांना प्रेसबद्दल विचारलं, कॅनडातल्या मुलाबद्दल विचारलं, त्यांना रक्तदाब आहे का हेही विचारलं. ते सगळ्याला नीट उत्तरं देत होते, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी.

"आणि तुम्ही ॲपवरून मागवता ते बाजारापेक्षा स्वस्त पडतं का?" तिनं विचारलं. "खरं सांगा. आमची पैज होती."

"मी एकटा मागवायचो तेव्हा महाग पडायचं," ते म्हणाले. "यांना एकटीला बाजार महाग पडायचा. एका माणसाला काहीच स्वस्त पडत नाही हो. सगळी पाकिटं चार जणांच्या घराच्या मापानं केलेली असतात."

"आणि दोघांना?"

"दोघांना चालतं," ते म्हणाले आणि ताटाकडे बघून भात कालवू लागले.

त्यांच्या ताटातला भात संपत आला होता. मी भांडं पुढे केलं.

"अहो, घ्या ना अजून."

केतकीचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती खाली मान घालून जेवत राहिली. मला काही कळलं नाही.

ते गेल्यावर आम्ही दोघी ओट्याशी भांडी आवरत होतो. ती म्हणाली, "आई, तू त्यांना अहो म्हणालीस."

"मग काय अरे म्हणू? मी दूधवाल्यालाही अहो म्हणते."

"दूधवाल्याला तू 'अहो भाऊ' म्हणतेस. शिरसाठकाकांना 'अहो शिरसाठ' म्हणतेस. यांनाही परवा 'अहो बोरस्ते साहेब' म्हणाली होतीस. नुसतं अहो, पुढे काहीच नाही, असं तू फक्त बाबांना म्हणायचीस."

मी नळ बंद केला. सगळी नोकरी मी दुसऱ्यांचे आवाज ऐकण्यात काढली होती. माझा मला ऐकू आला नव्हता.

"कधीपासून गं?" तिनं विचारलं.

"मला आत्ताच कळतंय," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

तिनं माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि पुसायला लागली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"बाबा असते तर यांना पिठल्यातल्या गाठींवरून किती बोलले असते," ती म्हणाली. गाठींचं मी तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"फार बोलले असते," मी म्हटलं. मग आम्ही दोघी थोडं रडलो. वाईट वाटून असं नाही.

केतकी आणखी आठवडाभर राहिली. त्या दिवसांत बेंगळुरूचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. पैजेत कोण जिंकलं हेही कुणी विचारलं नाही. बुधवारी आम्ही तिघं गोदाकाठी गेलो. बोरस्त्यांनी तिला भेंडी कशी निवडायची ते समजावून सांगितलं, सगळं माझ्याकडून ऐकलेलं, आणि मग स्वतः पुन्हा जून भेंडी उचलली.

निघताना ती टॅक्सीत बसली आणि काच खाली करून मोबाइलमध्ये काहीतरी करत राहिली.

"विमानाचं बघतेयस का?" मी विचारलं.

"नाही. माझ्या ॲपमधला तुझा पत्ता काढून टाकला," ती म्हणाली. "आणि त्यांचा नंबर घेतलाय. तुझा फोन लागला नाही की रात्रभर जागी असते मी. आता त्यांना करीन."

टॅक्सी फाटकाबाहेर गेली. बोरस्ते तिकडे पार्किंगमध्ये उभे होते, आम्हा मायलेकींना बोलायला जागा ठेवून. मी त्यांना हात केला.

त्याच्या पुढच्या वर्षी, थंडी पडायला लागली तेव्हा, आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. केतकी आणि निनाद आले, बोरस्त्यांचा मुलगा कॅनडाहून आला. साक्षीदार म्हणून पहिली सही केतकीची आहे. बी विंगमधलं घर भाड्यानं दिलं. आता आमचा महिन्याचा खर्च केतकीच्या त्या बिलापेक्षा कितीतरी जास्त येतो, कारण दोघांनाही गोड लागतं आणि पाहुणे फार येतात. त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिरसाठबाई जिन्यात भेटल्या. मी या सोसायटीत आले तेव्हापासून त्या मला ताई म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी त्या दोन पायऱ्या वर उभ्या राहून जरा घुटमळल्या, पदर सारखा केला, आणि मग म्हणाल्या, "वहिनी, आज बाजारात जाणार आहात का? मीही येते."

"या की," मी म्हटलं.